खाली गेल्यावर कोण खेळतं?

नाशिकचा स्वतःचा व्यावसायिक फुटबॉल क्लब व्हावा, असं माझ्या मामांना मनापासून वाटतं. ओझरला एचएएलमध्ये त्यांची नोकरी झाली, कंपनीच्या संघातून ते लेफ्ट हाफला खेळले. निवृत्तीनंतर आता रविवारी सकाळी मैदानावर फक्की मारून पोरांचा सराव घेतात. सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीनं मनावर घ्यावं, संघ उभा करावा आणि देशाच्या खालच्या डिव्हिजनमध्ये उतरवावा, असं त्यांचं म्हणणं. मी काही वर्षं पुण्यात नोकरीला होते. बालेवाडीत तेव्हा ज्या घरच्या क्लबांचे सामने पाहिले, त्यातला एकही आज जिवंत नाही. त्यामुळे या विषयावर आमचं जुळत नाही. या वादातलं लिहून ठेवावं असं वाटलं, ते पुढे देते आहे.

"मामा, कंपनीच्या क्लबाचं काय होतं, ते बघायचं असेल तर डीएसके शिवाजियन्सचा इतिहास बघा," मी म्हटलं.

"सांग की. मला पुण्याचं एवढं ठाऊक नाही."

मग मी सांगितलं. 1987 मध्ये पुण्यात शिवाजियन्स नावाचा क्लब निघाला. जिल्ह्याच्या लीगमध्ये खेळणारा, जसे प्रत्येक शहरात दहा-वीस असतात तसा. पुढे बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या समूहानं तो घेतला आणि नावापुढे 'डीएसके' लागलं. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबाच्या सहकार्यानं पुण्याजवळ निवासी अकादमी निघाली. संघ आय-लीगच्या, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगच्या, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळू लागला. इथपर्यंत कुणालाही आनंदच व्हावा. पण ती डिव्हिजन जिंकून वर जाण्याची वाट त्यांना बघावी लागली नाही. 2015 मध्ये फेडरेशननं कंपन्यांसाठी ठेवलेल्या थेट प्रवेशाच्या दारानं ते आय-लीगमध्ये गेले. थेट आलेल्या संघाला सुरुवातीला खाली ढकलायचं नाही, असा नियम होता. 2015-16 च्या मोसमात नऊ संघ होते आणि शिवाजियन्स नववे आले. खाली मात्र आठवा संघ गेला. तो संघ होता मिझोरामचा ऐझॉल एफसी, जो आदल्या वर्षी दुसरी डिव्हिजन जिंकून, घाम गाळून वर आला होता.

"हे चूकच झालं," मामा लगेच म्हणाले. पायरीचा खेळ पायरीनंच व्हावा, याबाबत ते फार कडक आहेत.

"आणि पुढं? 2016-17 चा मोसम खेळून क्लबच बंद. त्या वर्षाच्या अखेरीस समूहाच्या ठेवीदारांचं प्रकरण पोलिसांत गेलं, फेब्रुवारी 2018 मध्ये कुलकर्णींना अटक झाली. तीस वर्षांचा क्लब, मामा. 1987 ला निघाला तेव्हा त्याच्याकडे काहीच नव्हतं तरी तो खेळत होता. मोठं नाव लागलं आणि त्या नावाबरोबरच गेला."

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या अकादमीतून कोण निघालं?"

प्रश्न त्यांनी मुद्दाम विचारला होता. उत्तर त्यांना माहीत होतं. लल्लियानझुआला छांगटे हा मिझोरामच्या लुंगलेईचा मुलगा त्या पुण्याच्या अकादमीत घडला, शिवाजियन्सकडून आय-लीग खेळला, पुढे मुंबई सिटीकडे गेला आणि 2022-23 मध्ये फेडरेशनचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

"म्हणजे पैसा अगदीच वाया नाही गेला," मामा म्हणाले. "तू क्लबाचा मृत्यू मोजतेस. मी पोरं मोजतो. राहण्याची सोय, दोन वेळचं जेवण, बूट, फिजिओ, बाहेरगावच्या मॅचचं तिकीट, हे सगळं तू म्हणतेस तसं प्रेक्षकांच्या मालकीचं मंडळ देणार आहे का? आमच्या वेळी कंपनी नोकरी द्यायची. हजेरी लागायची, दुपारनंतर सरावाला सोडायचे, गुडघा गेला तरी पगार चालू. मफतलाल, टाटा, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा. मुंबईचा फुटबॉल या नावांवर उभा होता. कूपरेजवर रोव्हर्स कप बघायला आम्ही रात्रीच्या गाडीनं जायचो ते हे संघ बघायलाच. महाराष्ट्रातल्या गरीब घरच्या पोरानं फुटबॉल सोडला नाही, तो नोकरीमुळे."

हे खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. 1891 पासून चालत आलेली रोव्हर्स कपसारखी स्पर्धा 2000-01 नंतर बंद पडली, त्याआधीच गिरण्यांचे संघ गेले होते. गिरणी बंद झाली की तिचा संघ आपोआप जायचा. पण महिंद्राची गोष्ट वेगळी आहे, आणि सातपूरला त्यांचा कारखाना असल्यामुळे नाशिककरांना ती अधिक लागावी. तो संघ 1962 मध्ये निघाला, 2005-06 मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय लीग जिंकला आणि 2010 मध्ये कंपनीनं तो बंद केला. कंपनी बुडाली नव्हती. संघही खाली गेला नव्हता. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष देऊ, असं सांगून अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ मिटवण्यात आला.

"शालेय फुटबॉल हा काही वाईट हेतू नाही," मामा म्हणाले.

"नाही. पण निर्णय कुणी घेतला? एका बैठकीत, एका कागदावर. खेळाडूंना विचारलं नाही, बघायला येणाऱ्यांना विचारलं नाही. त्यांना विचारायची काही तरतूदच नव्हती."

पुण्याचं तर विचारूच नका. 2007 मध्ये अशोक पिरामल समूहानं पुणे एफसी काढला. हा क्लब मात्र दुसऱ्या डिव्हिजनमधून रीतसर वर आला, 2009-10 च्या पहिल्याच आय-लीग मोसमात तिसरा आणि 2012-13 मध्ये उपविजेता राहिला, 2014 मध्ये आशियाई पातळीवरचा एएफसी कप खेळला. त्याची पोरांची अकादमी देशातल्या उत्तम अकादम्यांमध्ये गणली जायची. 2014-15 नंतर समूहानं हात काढून घेतला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच मोसम खेळला, शेवटचा आला, बंद झाला. आयएसएल या नव्या लीगमधला एफसी पुणे सिटी 2014 ते 2019 टिकला. त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादच्या संघानं 2021-22 ची आयएसएल जिंकली आणि 2025 मध्ये तो संघही दिल्लीला हलला. अकरा वर्षांत तीन शहरं.

बालेवाडीचं स्टेडियम 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. गॅलरी आणि मैदान यांच्यामध्ये धावण्याचा रुंद ट्रॅक आहे, त्यामुळे खेळ लांबून बघावा लागतो. आय-लीगच्या दुपारच्या मॅचला गर्दी विरळ असे. गोली बचावफळीला ओरडून जागा सांगायचा, ते वरपर्यंत स्पष्ट ऐकू यायचं. 'डावीकडं', 'मागं बघ', 'टाइम आहे'. हिंदी, इंग्रजी, कोकणी, मिझो, सगळ्याची सरमिसळ. कुणी गोल केला की राखीव खेळाडूंचा आवाज प्रेक्षकांच्या आवाजाहून मोठा असायचा. मैदान सरकारचं, भाड्यानं घेतलेलं; मॅच संपली की जाहिरातीचे फलक गुंडाळून टेम्पोत भरायचे. क्लबाचं तिथं स्वतःचं काहीच नव्हतं, एक खोलीसुद्धा. मुंबई एफसीही कूपरेजचं काम चालू असताना याच मैदानात 'घरच्या' मॅच खेळायला यायचा. मुंबईचा क्लब, पुण्यात घर.

"आणि त्याचंही तेच झालं," मी मामांना म्हटलं. "2007 ला निघाला, एस्सेल समूहाचा. 2008 मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आला. खालिद जमील यांनी 2009 पासून सात वर्षं कमी पैशांत तो पहिल्या डिव्हिजनमध्ये टिकवून धरला. ते गेल्यावर पहिल्याच मोसमात, 2016-17 मध्ये, क्लब शेवटचा आला, खाली गेला आणि मालकांनी तो बंद केला. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये एक वर्षसुद्धा खेळला नाही. जमील गेले कुठं? ऐझॉलला. शिवाजियन्सना वाचवण्यासाठी ज्याला खाली ढकललं होतं, त्याच ऐझॉलला. गोव्याच्या संघांनी माघार घेतल्यावर ऐझॉलला परत घेतलं गेलं आणि त्याच वर्षी ते आय-लीग जिंकले. 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये लाजाँगशी 1-1 बरोबरी, मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त. आज जमील भारताचे प्रशिक्षक आहेत. शहर क्लबाच्या मागं असलं की असं होतं."

इथं मी जिंकले, असं मला वाटलं होतं.

"ऐझॉलचा मालक कोण?" मामांनी विचारलं.

ऐझॉलचे मालक रॉबर्ट रोमाविया रॉयटे. उद्योजक. पुढे 2018 मध्ये निवडून आले आणि मिझोरामचे क्रीडामंत्री झाले.

"म्हणजे तिथंही एकाच माणसाचा खिसा," मामा म्हणाले. "शहराचं प्रेम वेगळं आणि सातबारा वेगळा. प्रेम सगळीकडे असतं, त्यावर पगार निघत नाही. आता तू कोल्हापूर काढणार."

काढणारच होते. कोल्हापूरचा फुटबॉल हा महाराष्ट्रातला माझ्या मते सर्वांत खरा फुटबॉल आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. तालमीत कुस्ती, तालमीचाच गणपती, तालमीचीच फुटबॉल टीम. शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ अशी मॅच लागली की दुपारपासून गॅलरी भरते. पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक क्लबांना तशी गर्दी क्वचितच दिसली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 पासून आहे, तिची वरिष्ठ लीग आहे, खालचे गट आहेत. खालच्या गटात गेलेला संघ पुढच्या वर्षी त्या गटात खेळतो. तालीम बंद करायचा प्रश्नच येत नाही, कारण ती कुणा एकाची नाही आणि गणपती तर दरवर्षी बसणारच.

"आणि तिथल्या सर्वांत चांगल्या पोराला कोल्हापूर सोडावं लागतं," मामा म्हणाले. "अनिकेत जाधव. 2017 ला दिल्लीत 17 वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. तालमीतून थेट गेला का? पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून गेला. कोल्हापूरची पन्नास-पन्नास वर्षांची तालीम देशाच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये का नाही? कारण प्रवास, परवानाधारक प्रशिक्षक, वयोगटाचे संघ, फेडरेशनच्या परवान्याच्या अटी हे सगळं पेठेच्या वर्गणीतून होत नाही. तुझ्या तालमी मरत नाहीत, कबूल. पण त्या वर जात नाहीत. माझ्या कंपन्या वर जातात आणि मरतात. दोन्हींत नाशिकच्या पोराचं काय?"

मला याचं उत्तर चटकन सापडलं नाही. मी विम्बल्डनचं उदाहरण दिलं. 2002 मध्ये मालकांनी विम्बल्डन क्लब लंडनहून मिल्टन कीन्सला हलवायचा ठरवला आणि फुटबॉल असोसिएशनच्या आयोगानं परवानगी दिली. प्रेक्षकांनी त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनच्या सार्वजनिक कुरणावर निवड चाचणी ठेवली, नवा क्लब काढला आणि नवव्या पातळीपासून सुरुवात केली. 2011 मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला. आजही तो चाहत्यांच्या मालकीचा आहे. पुण्याचा संघ हैदराबादला गेला तेव्हा असं काही झालं नाही.

"विम्बल्डनचा मूळ क्लब कधीचा?"

"1889 चा."

"मग? पाच वर्षांच्या क्लबासाठी कोण रस्त्यावर येणार? शिवाय त्यांना नववी पातळी होती. उतरायला जागा होती, खेळायला लीग होती, मैदान होतं. पुण्यात जिल्ह्याची लीग होती तरी कुणी उतरलं नाही."

मग त्यांनी गोव्याचं काढलं, आणि या वादातलं सर्वांत वजनदार बोलणं तेच होतं असं मला आजही वाटतं.

"धेंपो बघ," ते म्हणाले. "डिचोलीचा छोटा क्लब. 1960 च्या दशकाच्या अखेरीस पणजीच्या धेंपे घराण्यानं तो घेतला. खाणवाल्यांचा क्लब, म्हणजे तुझ्या हिशेबानं कंपनीचाच. पाच वेळा देशाची लीग जिंकला. 2014-15 ला खाली गेला. बंद केला? नाही. पुढच्या वर्षी दुसरी डिव्हिजन खेळला, जिंकला. मग फेडरेशननं आयएसएल वर आणि आय-लीग खाली असा घाट घातला, तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो तिघांनी राष्ट्रीय लीग सोडली. तेव्हा तरी बंद केला? गोवा प्रोफेशनल लीगमध्ये खेळत राहिले. एलाच्या अकादमीत पोरं घडवत राहिले. 2023-24 ला आय-लीग दोनमध्ये दुसरे आले आणि पुढच्या मोसमात परत आय-लीगमध्ये. आठ वर्षांनी. तेही खालून, मैदानावरून, कुणाच्या थेट प्रवेशानं नाही."

धेंपोच्या या आठ वर्षांकडे मी त्याआधी कधी नीट बघितलं नव्हतं. मोठ्या लीगच्या बातम्यांत ती वर्षं येत नाहीत. गोव्याच्या राज्य लीगच्या मॅच, अकादमीचे वयोगटाचे संघ, एवढंच. पण क्लब नावाची गोष्ट याच वर्षांत दिसते. महिंद्रा पहिल्या डिव्हिजनमध्ये असताना बंद झाला, मुंबई एफसी खाली गेल्या क्षणी बंद झाला, पुणे एफसीला कुणी ढकललंही नव्हतं. धेंपोही पैसेवाल्यांचाच. तरी तो राहिला, कारण त्याच्याखाली तीन गोष्टी होत्या: स्वतःची अकादमी, उतरून खेळता येईल अशी जिवंत राज्य लीग, आणि हे आपलं आहे असं मानणारं घराणं. तिसरी गोष्ट नशिबावर आहे. पहिल्या दोन बांधता येतात.

"मग माझं बरोबर," मामा म्हणाले.

"अर्धं. कंपनी चालेल, पण कंपनीच्या हाती क्लब बंद करायचा अधिकार नको. क्लब संस्था म्हणून नोंदवलेला हवा, सभासदांचा. कंपनीनं प्रायोजक म्हणून यावं, पाच वर्षांनी जावं, दुसरी यावी. क्लब राहावा."

"कोणती कंपनी अशी येते? नाव मिळणार नाही, अधिकार मिळणार नाही, पैसे मात्र द्यायचे?"

यावर माझ्याकडे एक ठोस गोष्ट होती. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळांचं प्रशिक्षण आहे. वरिष्ठ संघाचे पगार त्यातून द्यायचे नाहीत. पण तेरा, पंधरा, सतरा वर्षांखालच्या मुलांचा सराव, प्रशिक्षक, मैदानाची देखभाल हे त्यात बसतं. म्हणजे तळ कंपन्यांच्या पैशातून बांधता येतो आणि वरचा संघ नंतर, झेपेल तेव्हा. मुंबईचा केंकरे एफसी असाच मुलांच्या अकादमीतून वाढत 2021-22 मध्ये आय-लीगमध्ये पोचला होता. पुढच्या मोसमात खाली गेला, पण पोचला तळातून.

मामांना हे पटलं, कारण पोरांपासून सुरुवात ही त्यांच्याच जिवाची गोष्ट आहे. त्यांनी लगेच मैदानाचा विषय काढला. आमच्याकडच्या बहुतेक मैदानांचा मध्य क्रिकेटच्या खेळपट्टीसाठी राखलेला असतो. दोरी बांधून ती जपतात, ते योग्यच आहे. फुटबॉलवाल्यांना उरलेली बाजू मिळते. मामा टाचेनं अंतर मोजतात, मातीत फक्कीची रेघ ओढतात आणि 'डी' खेळपट्टीच्या दोरीला चिकटू नये म्हणून मैदान तिरकं आखतात. पाईपचे गोलपोस्ट पोरं खांद्यावरून आणतात. नऊ वाजता क्रिकेटच्या मॅच सुरू होतात, त्याआधी सगळं आवरायचं. वर्षभर ठरलेल्या वेळी हक्कानं मिळेल असं एक पूर्ण मैदान, ही नाशिकच्या कुठल्याही क्लबाची पहिली मालमत्ता असेल. खेळाडू नंतर.

"आणि जिल्ह्याची लीग," मी म्हटलं. "वर्षाला दोन-तीन आठवड्यांत उरकणारी नको. पावसाळ्यानंतर महिनोन्महिने चालणारी, दोन डिव्हिजनची. मालेगाव, मनमाड, देवळाली, इगतपुरी, सगळीकडचे संघ. क्लब खाली आला तर त्याला खेळायला हीच जागा."

"हे जमेल," मामा म्हणाले. "पैसे कमी लागतात, माणसं जास्त लागतात. माणसं आहेत."

अडलं ते नावावर. मामांना नावापुढे कंपनीचं नाव लावायला काही हरकत वाटत नाही. नाव दिलं तर निदान दहा वर्षांचा करार तरी पदरात पडेल, असं ते म्हणतात. धेंपोच्या नावातही धेंपे आहेतच, हा त्यांचा आधार. मला शिवाजियन्स विसरता येत नाहीत. तीस वर्षांच्या नावापुढे दुसरं नाव लागलं, आणि ते गेल्यावर मूळ नाव घेऊन मैदानात उतरायला कुणी उरलं नाही. नाशिकच्या क्लबाच्या नावात फक्त नाशिक असावं, आणि घटनेतच लिहिलेलं असावं की ते बदलायला सभासदांचं तीन चतुर्थांश मत लागेल.

"तीन चतुर्थांश कशाला, दोन तृतीयांश पुरे," मामा म्हणाले.

या मुद्द्यावर आम्ही अजून अडलेलो आहोत. तोवर त्यांनी तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सभासद अर्ज द्यायला सुरुवात केली आहे. अर्जावर क्लबाच्या नावाची जागा कोरी आहे.